घरचा सौर इन्व्हर्टर : आधी हिशोब, मग खरेदी

वीज ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, घरातील आजाऱ्याचा पंखा, रात्री शिलाई करणाऱ्या भगिनीचा दिवा, सारे काही तिच्यावर अवलंबून आहे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने रोज तासन्‌तास भारनियमन सोसले. ते दिवस मागे पडले असले तरी वादळी पावसात तार तुटली किंवा रोहित्र जळले की वस्त्यावस्त्यांत अंधार होतोच. म्हणून कष्टकरी कुटुंबेही आता पोटाला चिमटा घेऊन, बचत गटाचे कर्ज काढून किंवा हप्त्यावर इन्व्हर्टर आणि बॅटरी घरी आणतात. काहीजण त्याला सौर पॅनेलही जोडतात.

हे चांगलेच आहे. पण कित्येक घरांत कर्जाचे हप्ते संपण्याआधी बॅटरीच संपते. नीट निगा राखली तर चार-पाच वर्षे सेवा देणारी बॅटरी दोन वर्षांत भंगारात जाते. मग दोष नशिबाला दिला जातो, नाहीतर दुकानदाराला. खरी कारणे बहुधा दोनच असतात. घेताना हिशोब मांडलेला नसतो आणि घेतल्यावर निगा राखलेली नसते. या दोन्ही गोष्टी सातवी शिकलेल्या माणसालाही सहज जमतील.

पॅनेल आहे, तरीही अंधार?

छपरावर पॅनेल बसवले म्हणजे वीज गेल्यावर दिवे लागणारच, असा पुष्कळांचा समज असतो. तो पुरता खरा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त घरगुती संचाला २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरवण्यात आले. हा संच वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला असतो. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज लाइनवर जाते आणि तिचा हिशोब बिलात धरला जातो. मात्र लाइन बंद झाली की या संचाचा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. हा बिघाड नव्हे. तो बंद झाला नाही, तर खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनला घरांतून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसेल.

म्हणून आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे. बिल कमी करायचे असेल तर लाइनला जोडलेला संच. वीज गेल्यावर दिवा-पंखा हवा असेल तर बॅटरीचा संच. दोन्ही हवे असेल तर ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर लागतो, पण तो महाग पडतो. योजनेतील अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मोजले जाते, बॅटरीवर नाही, हेही ध्यानात ठेवावे. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचा छपरावर हक्क नसतो. त्यांना लाइनच्या विजेवर चार्ज होणारा साधा इन्व्हर्टरच बरा.

हिशोब असा मांडा

समजा, दोन खोल्यांचे घर आहे. ९ वॉटचे तीन एलईडी दिवे म्हणजे २७ वॉट. ७५ वॉटचे दोन साधे पंखे म्हणजे १५० वॉट. टीव्ही सुमारे ५० वॉट आणि मोबाईल चार्जर वगैरे २० वॉट. बेरीज झाली जवळपास २५० वॉट. हे सारे चार तास चालवायचे तर २५० गुणिले ४, म्हणजे १००० वॉट-तास, अर्थात १ युनिट वीज लागेल.

आता बॅटरी पाहू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॉट-तास असतात. पण त्या सगळ्या आपल्या नसतात. इन्व्हर्टर स्वतः सुमारे पाचवा हिस्सा खातो. म्हणजे १००० वॉट-तास वापरायला बॅटरीतून १२५० काढावे लागतात. बॅटरी जवळपास ७० टक्के रिकामी होते. कधीमधी असे झाले तर हरकत नाही. रोजच झाले तर बॅटरी लवकर म्हातारी होते. शिशाची बॅटरी रोज निम्म्यापर्यंतच वापरली तर जास्त वर्षे टिकते.

आता हाच हिशोब पंखे बदलून करा. साध्या पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले तर पंख्यांचे १५० वॉट ६० वर येतात. एकूण भार होतो सुमारे १६० वॉट. चार तासांनंतरही बॅटरीचा निम्म्याहून कमीच साठा खर्च होतो. तेव्हा दुकानदार मोठी बॅटरी सुचवील, त्याआधी घरातील पंखे पाहावेत. इस्त्री, गिझर आणि मिक्सर इन्व्हर्टरवर लावूच नयेत. फ्रिज चालताना थोडी वीज घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो.

पॅनेलचा हिशोबही सोपा आहे. आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देते. पावसाळ्यात त्याहून बरेच कमी. बॅटरीतून काढलेले १२५० वॉट-तास परत भरायला, चार्जिंगमधील नुकसान धरून, दीड युनिटच्या आसपास वीज लागेल. म्हणजे ४०० वॉटचे पॅनेल पुरे. इथे एक गोष्ट विचारून घ्यावी. मोठ्या आकाराची आजची पॅनेल ४० व्होल्टच्या आसपास चालतात. त्यांना ‘पीडब्ल्यूएम’ जातीचा स्वस्त चार्जर लावून १२ व्होल्टची बॅटरी जोडली तर निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. अशा पॅनेलला ‘एमपीपीटी’ चार्जरच हवा. पीडब्ल्यूएम असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेली ३६ सेलची पॅनेल घ्यावीत.

जोडणीत जिवाशी खेळ नको

पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे आणि त्यावर झाडाची, टाकीची किंवा शेजारच्या भिंतीची सावली पडू नये. एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही सगळ्या पॅनेलचे उत्पन्न बरेच घटवते. पत्र्यावर नुसते टेकवलेले पॅनेल वादळात उडून कोणाच्या तरी डोक्यावर पडेल. त्याचा सांगाडा भिंतीला किंवा छपराच्या लोखंडी कैचीला बोल्टने आवळलेला असावा.

बॅटरी ते इन्व्हर्टर ही वायर जाड आणि आखूड हवी. ८०० वॉटचा भार २३० व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतो, तोच १२ व्होल्टच्या बाजूला सदुसष्टच्या पुढे जातो. वायर बारीक असेल किंवा जोड ढिला असेल तर ती तापते आणि आग लागते. बॅटरीजवळ फ्यूज, घरात एमसीबी आणि खरे अर्थिंग या तीन गोष्टींत काटकसर करू नये.

काही घरांत दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडतात. हा मृत्यूला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. वायरचे उघडे टोक हातात जिवंत राहते, शिवाय वीज बाहेरच्या लाइनवरही जाऊ शकते. इन्व्हर्टरच्या दिव्या-पंख्यांची वायरिंग वेगळी काढून घ्यावी आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

महिन्यातून एक रविवार

पाण्याची ट्युब्युलर बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून तिच्याजवळ दिवा, अगरबत्ती, विडी किंवा स्टोव्ह नको. झोपण्याच्या बंद खोलीतही ती ठेवू नये.

महिन्यातून एकदा पाण्याचे निदर्शक पाहावेत. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच घालावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी घालू नये, त्यातील क्षारांनी बॅटरी मरते. ॲसिड तर कधीच घालू नये. टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी दिसली तर आधी इन्व्हर्टर आणि चार्जिंग बंद करावे. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात फडके भिजवून टोके पुसावीत, झाकणे मात्र लावलेलीच असावीत. मग टोके कोरडी करून व्हॅसलीन लावावे. हे काम करताना बांगड्या, अंगठी काढून ठेवावी, हातात रबरी मोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे. ॲसिड डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे सतत पाण्याने धुवून लगेच दवाखाना गाठावा.

पॅनेल सकाळी गार असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे. गावी जाताना बॅटरी पूर्ण चार्ज करून जावे, कारण रिकामी पडलेली बॅटरी आतून खराब होते.

बिघाड कसा ओळखावा?

वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरूच झाला नाही, तर आधी बटण, फ्यूज आणि बॅटरीची टोके पाहावीत. बहुतेक वेळा टोक ढिले झालेले असते.

इन्व्हर्टर शिटी मारून बंद पडतो, म्हणजे भार जास्त झाला. एकेक वस्तू बंद करून पाहावी.

पंखा घुंघुं करत असेल तर इन्व्हर्टर बहुधा ‘स्क्वेअर वेव्ह’ जातीचा आहे. नवा घेताना ‘प्युअर साइन वेव्ह’ मागावा.

पूर्वी चार तास टिकणारी वीज तासाभरात संपू लागली, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून दोन-तीन तास तशीच ठेवावी आणि मल्टिमीटर लावावा. १२.५ व्होल्टच्या पुढे असेल तर चार्जिंग ठीक आहे. १०.५ च्या आसपास असेल तर सहांपैकी एक सेल गेला असण्याचा संभव आहे. हायड्रोमीटरने सहाही सेल तपासावेत. एकाचाच आकडा फार खाली असेल तर दोष तिथे आहे. सगळ्यांचेच आकडे खाली असतील तर चार्जिंग पुरे होत नाही. तेव्हा पॅनेलवरची धूळ, सावली आणि वायरचे जोड पाहावेत.

बॅटरी फार तापते, फुगते किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो, तर चार्जिंग बंद करावे, खिडक्या उघडाव्यात आणि मेकॅनिकला बोलवावे. इन्व्हर्टरचे झाकण घरी उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये धक्का शिल्लक असतो.

पावती म्हणजे पैसा

वॉरंटी बहुधा दोन भागांत असते. पहिल्या काळात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्या काळात नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते. कोणता काळ किती महिन्यांचा, हे घेण्यापूर्वी वाचावे. पावती आणि वॉरंटी कार्डावर बॅटरीचा क्रमांक, तारीख आणि दुकानाचा शिक्का असलाच पाहिजे. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत करून किंमत वजा करून घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती वस्तीत फोडू देऊ नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि ते नुकसान भरून येत नाही.

शेवटी एकच सांगणे. घरातील शिकत्या मुलाकडे किंवा मुलीकडे ही जबाबदारी द्या. कॅलेंडरवर दर महिन्याला पाणी कधी घातले, व्होल्ट किती भरले, टोके कधी पुसली हे लिहायला लावा. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेल्या तरुणांसाठी ‘सूर्यमित्र’सारखे सौर प्रशिक्षणही आहे, त्याची चौकशी करावी. वस्तीत असा एक जाणकार तयार झाला तर दहा घरांचे पैसे वाचतील आणि त्यालाही रोजगार मिळेल. घामाच्या पैशाने आणलेला उजेड वर्षानुवर्षे टिकवणे आपल्याच हातात आहे.