स्पंदने मोजणारे यंत्र

एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येस वारंवारता म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांच्या नावावरून तिच्या एककास ‘हर्ट्झ’ हे नाव मिळाले. वारंवारता मोजणारे साधे यंत्र हौशी मनुष्यास घरीही तयार करता येते.

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवर सामावलेला लहानसा संगणक, हा या यंत्राचा प्राण होय. त्याला जोडलेला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदास, समजा, १,६०,००,००० ठोके देतो. हेच त्याचे घड्याळ. नादकाट्याचा सूर मायक्रोफोनने विजेच्या स्पंदांत बदलतो. ते क्षीण स्पंद सबळ करून यंत्रात सोडले, की यंत्र बरोबर एक सेकंद त्यांची मोजदाद करते. २५६ स्पंद आले, तर वारंवारता २५६ हर्ट्झ.

या मोजणीत एका स्पंदाची चूक संभवते. २५६ मध्ये ती क्षुल्लक होय. पण ५ मध्ये ती फार मोठी ठरते. म्हणून स्पंदने मंद असली, तर रीत उलटावी. एका आवर्तनास स्फटिकाचे किती ठोके लागतात, ते मोजावे. ३२,००,००० ठोके लागले, तर वारंवारता ५ हर्ट्झ.

घरातील विजेची तार मात्र या यंत्रास कधीही जोडू नये; त्यात प्राणाशी गाठ असते.

यंत्र कितीही कुशलतेने बनविले, तरी स्फटिकाचे ठोके चुकल्यास त्याचे उत्तरही चुकते. दुसऱ्यास मोजणाऱ्याचे स्वतःचे माप आधी अचूक असावे लागते.