काळी, पांढरी आणि सिमेंट

वऱ्हाडात गावच्या जमिनीला दोन नावे आहेत. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जुने घर या दोन्ही मातींशी बांधलेले असते. भिंती आणि धाबे पांढऱ्या मातीचे, तर पाया पुष्कळदा काळ्या थरात उतरलेला. अमरावती-अकोल्याकडच्या वाड्याची दुरुस्ती बिघडते ती बहुधा हे नाते विसरल्यामुळे.

या वाड्यांमागे कापसाचा पैसा आहे. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत 1807 च्या सुमारास अमरावतीभोवती दगडी परकोट बांधायला घेतला गेला. जवाहर गेट, अंबागेट ही नावे त्याचीच आठवण. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) वऱ्हाडी कापसाला भाव आला, मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून 1867 मध्ये नागपूरला पोचली आणि पेठांमधून सागवानी खांबांच्या माड्या उभ्या राहिल्या. सागवानासाठी मेळघाट जवळच होता.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावरचे घर वर्षातून दोनदा किंचित हलतेच. जुन्या सुतार-गवंड्यांनी ही हालचाल गृहीत धरली होती. सागवानी खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकवलेला, तुळया खाचांत बसवलेल्या, भार लाकडी सांगाड्यावर. सांधा थोडा सरकतो, पुन्हा बसतो. दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो तेव्हा या जाडीचे मोल कळते. धाब्यावर कडीपाटाच्या वर पांढऱ्या मातीचा थर असतो. ही बारीक माती पावसाच्या पहिल्या सरीतच दबून घट्ट होते. मृगाआधी दरसाल तिची नवी भर पडली, पन्हळी मोकळ्या राहिल्या, तर धाबे पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

पोपडे दिसले की सिमेंटचा गिलावा चढवतात, आणि तिथे पहिली चूक होते. मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच. पूर्वी ती माती-शेणाच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाई. सिमेंट तिला कोंडते. दोन-तीन पावसाळ्यांनी गिलावा ढोलासारखा वाजू लागतो, मागची माती भुगा होते आणि भिंतीत गेलेले खांबाचे बूड कुजते. बाहेरून भिंत पक्की दिसते, म्हणूनच हे नुकसान फार उशिरा ध्यानात येते. वऱ्हाडात याला कूलरची जोड मिळते. तो बसावा म्हणून खिडकीची चौकट कापली जाते, लोखंडी स्टँड भिंतीत ठोकले जाते आणि टाकीचे पाणी चार महिने एकाच रेषेत ठिबकत राहते. कूलर भिंतीपासून सुटा, स्वतःच्या पायांवर अंगणात उभा करून पाणी नळीने गटारात सोडले, तर काही बिघडत नाही.

घरात राहणाऱ्यांना सोय हवीच. म्हातारी माणसे रात्री परसात जाऊ शकत नाहीत. आत संडास-न्हाणी हवी ही मागणी रास्त आहे. प्रश्न जागेचा आहे. पाणी माडीवर, मातीच्या भिंतीलगत नेण्याऐवजी मागच्या पडवीत वेगळ्या पायावर खोली बांधणे शहाणपणाचे. नवे आणि जुने बांधकाम एकमेकांत गुंतवू नये, कारण काळ्या मातीत दोन्ही सारखे खचत नाहीत आणि भेग नेमकी जोडावर जाते. धाबे उतरवून मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकणे तर धोक्याचे. गळती असह्य झाली तर धाब्यापासून थोडे उंच, मोकळी हवा राहील असे पत्र्याचे छप्पर टाकावे. ते देखणे नसते, पण पुढेमागे काढता येते, आणि खाली कडीपाट सुरक्षित राहतो.

वाड्याचे सगळ्यात मोठे नुकसान मात्र वाटणीत होते. चौकाच्या मधून भिंत येते, उजेड आणि वारा तुटतो, एक भाऊ आपला भाग पाडतो आणि दुसऱ्याच्या तुळयांचा आधार जातो. बळदाची खोली दुकान होते. कोरीव दरवाजा तेवढा विकला जातो किंवा बंगल्यात शोभेला लागतो. चौक गेला की दरवाजा जपूनही वाडा उरत नाही.

कायद्याचा आधार आहे, पण तो थोड्याच घरांपर्यंत पोचतो. केंद्राच्या 1958 च्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. 100 मीटरच्या आतही 16 जून 1992 पूर्वीचे घर परवानगी घेऊन दुरुस्त करता येते, हे अनेक घरमालकांना ठाऊक नसते. खाजगी वास्तूंसाठी मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही वारसा इमारतींसाठी तरतुदी आहेत. यादीत नसलेल्या वाड्याचे भवितव्य घरच्यांच्याच हाती राहते.

अशा घरच्यांनी ठेकेदाराला बोलावण्याआधी दोन कामे करावीत. वाड्याचा नकाशा आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून सर्व हिस्सेदारांकडे एकेक प्रत ठेवावी. आणि मातीकाम जाणणारा जुना गवंडी अजून गावात असेल, तर त्याला मृगाआधी एकदा धाब्यावर न्यावे.