काळ्या बुरशीचं इंजेक्शन आणि नॅनोचा बाजार

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एका औषधाचं नाव तोंडपाठ झालं होतं. कोरोनातून उठलेल्या, बहुतेकदा मधुमेह असलेल्या माणसाच्या नाकात, जबड्यात, डोळ्यामागे म्युकरची बुरशी शिरायची आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहून द्यायचे, ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन बी’. एका कुपीत ५० मिलिग्रॅम औषध. मात्रा वजनाच्या दर किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, त्याही काही आठवडे, आणि एकेका कुपीची किंमत हजारांत. नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात फोन लावत होते आणि केंद्र सरकार राज्याराज्याला कुप्या मोजून वाटत होतं.

चिठ्ठीवरच्या पहिल्या शब्दाकडे तेव्हा कुणाचं लक्ष जाणं शक्य नव्हतं. अँफोटेरिसिन बी हे मूळ औषध जुनं आहे. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते १९५० च्या दशकात मिळालं. बुरशी ते मारतं, पण रोग्याच्या मूत्रपिंडांनाही सोडत नाही. म्हणून डॉक्टर ते बिचकत वापरायचे. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्रहम इथल्या संशोधन संस्थेत ॲलेक बँगहॅम यांना दिसलं, की लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात सोडले की त्यांचे रेणू आपोआप रांगा धरतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक गोळे तयार होतात. हेच लायपोसोम. अँफोटेरिसिन अशा गोळ्यांच्या पापुद्र्यात बसवलं आणि गोळ्यांचा व्यास १०० नॅनोमीटरच्या आत ठेवला, तर औषध रक्तातून बराच वेळ फिरतं, बुरशी लागलेल्या जागी पोचतं आणि मूत्रपिंडांना होणारा त्रास पुष्कळ कमी होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा एक केस ढोबळमानाने ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

तेव्हा महाराष्ट्र जिच्यासाठी रांगेत उभा होता ती नॅनोतंत्रज्ञानाने बनवलेली वस्तू होती. तिचं उत्पादन रातोरात वाढवता येत नव्हतं, याचं कारणही नॅनोतच होतं. नुसती औषधाची पूड पुरत नव्हती. ठरावीक शुद्धतेचे लिपिड हवे होते, सगळे गोळे एकाच मापाचे उतरायला हवे होते, आणि हे सगळं जंतुविरहित ठेवून प्रत्येक बॅचमध्ये तसंच्या तसं घडायला हवं होतं. लिपिडचा तुटवडा पडला तेव्हा ते बनवणारी व्हीएव्ही लाइफ सायन्सेस ही मुंबईचीच कंपनी, आणि तिचा लिपिडचा कारखाना रत्नागिरीला, हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट परळची आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमधले जीवरसायनशास्त्रज्ञ बी. के. बच्छावत यांच्याबरोबर, भारतीय बनावटीचं लायपोसोमल अँफोटेरिसिन काही दशकांपूर्वीच विकसित केलं होतं. पुढे ते ‘फंगिसोम’ या नावाने बाजारात आलं. त्याची एक रीत सांगण्यासारखी आहे. रोग्याला देण्याआधी ही कुपी पाऊण तास ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावी लागते. त्या कंपनाने मोठे गोळे फुटून हवे तेवढे लहान होतात. कारखान्यातलं शेवटचं काम इथे रुग्णालयातल्या खाटेजवळ होतं. परदेशी औषधाच्या मानाने किंमत खाली आणण्यासाठी असा मार्ग काढणं, याला मी अस्सल मुंबईचं शहाणपण म्हणेन. महापालिकेच्या रुग्णालयात जगाच्या तोडीचं काम झालं होतं, आणि तरी २०२१ मध्ये त्याच शहरात कुपीसाठी वणवण झाली. संशोधन आणि भरपूर, स्वस्त, खात्रीचं उत्पादन यांच्यामध्ये जी लांब वाट आहे, तिच्यावरच नॅनोचा सगळा व्यापार अडतो किंवा चालतो.

मुळात या आकाराला एवढं मोल का, ते एका हिशेबाने कळतं. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन चिरून एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर पदार्थ तेवढाच राहतो, पण सगळ्या तुकड्यांचं मिळून पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर होतं. म्हणजे जवळजवळ दीड एकर जमीन. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, त्यामुळे चिमूटभर पदार्थ पोतंभर पदार्थाचं काम करू लागतो. शिवाय एवढ्या लहान आकारात सोनं लाल दिसू लागतं आणि एकाच पदार्थाचे कण नुसत्या मापावर वेगवेगळ्या रंगाचा प्रकाश देतात. या शेवटच्या गुणावर, म्हणजे क्वांटम डॉट्सवर, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी हे कण दिवाणखान्यातल्या महागड्या टीव्हीच्या पडद्यात जाऊन बसले होते.

हा दीड एकराचा हिशेब पुण्याने फार लवकर हेरला होता. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी बुरशी आणि झाडांच्या पानांचा अर्क वापरून चांदीचे आणि सोन्याचे नॅनोकण बनवत होते. आपण चहात टाकतो त्या गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळतात, हा त्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला. त्याच पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचं ‘सुजल’ नावाचं साधं गाळणं तयार केलं होतं. शास्त्री पुढे टाटा केमिकल्सच्या पुण्यातल्या नवसंशोधन केंद्रात गेले. राखेला चांदीच्या नॅनोकणांची जोड मिळाली आणि डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आलं. किंमत ७४९ आणि ९९९ रुपये. वीज नको, नळ नको. एक कांडी ३,००० लिटर पाणी गाळायची आणि मुदत संपली की पाणी आपोआप थांबायचं. राख हा गिरणीमागे ढिगाने पडणारा कचरा आणि चांदी मौल्यवान, पण ती नॅनो आकारात इतकी कमी लागते, की हा हिशेब गरिबाच्या स्वयंपाकघरातही बसला.

त्याच सुमारास चेन्नईच्या आयआयटीत प्रा. टी. प्रदीप यांनी नॅनोकणांनी पाण्यातली कीटकनाशकं काढणारं गाळणं तयार केलं आणि ते युरेका फोर्ब्सने विकायला घेतलं. पुढे त्यांनी आर्सेनिक काढणारं ‘अमृत’ हे तंत्र विकसित केलं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक अब्जात दहा भागांच्या आत हवं. ही मर्यादा गाठायची तर लोहाच्या संयुगाचा प्रचंड पृष्ठभाग लागतो, आणि नॅनो आकारात तो फार थोड्या पदार्थात मिळतो.

या उदाहरणांच्या शेजारी शेतातलं एक उदाहरण ठेवायला हवं, कारण तिथे ग्राहक फार मोठा आहे आणि फसगत त्याला परवडत नाही. इफ्कोने २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया आणला. अर्ध्या लिटरची बाटली, सुरुवातीची किंमत २४० रुपये, आणि ती युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीचं काम करते असा दावा. या पहिल्या उत्पादनात नत्र ४ टक्के, म्हणजे बाटलीत सुमारे २० ग्रॅम. साध्या युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे गोणीत २० किलोंहून थोडं जास्त. फरक हजार पटींचा. कणांचा आकार लहान केल्याने नत्राचा अपव्यय कमी होऊ शकतो, पानावर फवारल्याने शोषण सुधारू शकतं, हे मान्य. पण पिकाला दाण्यातली प्रथिनं बांधायला नत्राचे अणू लागतात आणि ते कुठूनतरी यावेच लागतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं चाचण्या घेतल्या. शिफारशीतलं निम्मं नत्र कमी करून त्याच्या जागी नॅनो युरिया फवारला, तेव्हा भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं. इफ्कोने आपल्या चाचण्यांच्या आधारे बाजू मांडली, नंतर जास्त नत्राचं उत्पादनही आणलं. माझं मत स्पष्ट आहे. दुकानातल्या बाटलीवर शिफारस छापण्याआधी अकोला, परभणी, राहुरी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या शिवारात, त्या त्या जमिनीवर, काही हंगाम स्वतंत्र चाचण्या व्हाव्यात आणि त्यांचे आकडे शेतकऱ्याला मराठीत वाचता यावेत. २०२० मध्ये केंद्र सरकारने शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याआधी २०१९ मध्ये नॅनो औषधांसाठी काढली. कागद तयार आहे, आता त्यावर काम करणारी माणसं आणि यंत्रं जिल्ह्यांच्या जवळ यायला हवीत.

आता प्रदेशाने काय करायचं हा प्रश्न. देशाने सुरुवात चांगली केली. मे २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ला पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपये मंजूर झाले. रसायनशास्त्रज्ञ डॉ. सी. एन. आर. राव यांच्यासारखा माणूस पाठीशी होता. शोधनिबंधांच्या संख्येत भारत जगातल्या पहिल्या पाचांत जाऊन बसला. पण निबंध छापला गेला म्हणजे कारखाना उभा राहत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा, मोजमापाची यंत्रं, धीराचा पैसा आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर लागतात, आणि ते दिल्लीतून जुळवता येत नाही.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलने हे जुळवलं, पण त्याला चाळीस वर्षं लागली. लेती ही सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी प्रयोगशाळा तिथे १९६७ मध्ये निघाली. तिच्यातून १९९२ मध्ये सोइटेक नावाची कंपनी बाहेर पडली. जवळच क्रोल गावात चिपचे कारखाने आले. विद्यार्थी, संशोधक आणि कंपन्या यांना एका आवारात आणणारं ‘मिनातेक’ २००६ मध्ये सुरू झालं. उद्घाटनाच्या वेळी शहरातल्याच लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, नॅनोकणांच्या धोक्यांबद्दल प्रश्न विचारले. ते प्रश्न आगंतुक नव्हते. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग खाद्यपदार्थांत घालायला युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंदी केली, त्यामागे त्याच्या अतिसूक्ष्म कणांबद्दलची शंकाही होती.

आपल्याकडे केरळने अलीकडे असाच एक नेमका डाव टाकला आहे. सगळं नॅनो करू असं न म्हणता त्यांनी ग्राफीन हा कार्बनचा एकच नॅनोपदार्थ धरला. कोचीजवळच्या कळमशेरीत, ‘मेकर्स व्हिलेज’मध्ये, सुमारे ८६ कोटी रुपयांचं ग्राफीन केंद्र उभं राहिलं. केरळचं डिजिटल विद्यापीठ, केंद्राची सी-मेट प्रयोगशाळा आणि उद्योगाच्या बाजूने टाटा स्टील असे तीन भिडू. सी-मेटची एक प्रयोगशाळा आपल्या पुण्यातही आहे. पदार्थ एक, जागा एक, उद्योग सुरुवातीपासून आत. मला यातली ‘एक’ ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

महाराष्ट्राकडे सुटे भाग भरपूर आहेत. पवईच्या आयआयटीत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं उत्कृष्टता केंद्र आहे. तिथल्या क्लीन रूममध्ये शिरायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, मुखपट्टी, हातमोजे. फोटोलिथोग्राफीच्या खोलीत पिवळा उजेड, कारण साध्या दिव्यातला निळा प्रकाश चकतीवरचं रसायन बिघडवतो. हवेतले धुळीचे कण मोजून मर्यादेत ठेवले जातात. अशी खोली एखाद्या नव्या कंपनीने स्वतः उभारायची म्हटली तर तिचं भांडवल पहिल्याच वर्षी संपेल. म्हणून देशभरातल्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना ही यंत्रं वापरू देणारा केंद्राचा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. याच आवारातून ‘नॅनोस्निफ’ ही कंपनी निघाली.  सूक्ष्म संवेदकावर आधारलेलं तिचं, काही सेकंदांत स्फोटकाचा माग सांगणारं यंत्र एप्रिल २०२१ मध्ये बाहेर आलं. एनसीएलच्या आवारात ‘व्हेंचर सेंटर’ २००७ पासून नव्या वैज्ञानिक कंपन्यांना जागा, यंत्रं आणि सल्ला देतं. हिंजवडीच्या जिनोव्हाने लिपिडच्या सूक्ष्म कणांवर बसवलेली, साध्या फ्रीजच्या तापमानात टिकणारी एमआरएनए लस बनवली आणि तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था, रत्नागिरीतलं लिपिड, परळचं केईएम, पुण्याचं लसउत्पादन. लिपिडच्या नॅनोकणांत औषध बसवण्याची एवढी जुळलेली साखळी देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल. केरळने ग्राफीन धरलं, तसं महाराष्ट्राने हे एक धरावं असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी पहिलं गिऱ्हाईक सरकारला व्हावं लागेल. राज्याची इनोव्हेशन सोसायटी २०१८ पासून ‘स्टार्टअप वीक’ भरवत आली आहे आणि निवडलेल्या कंपन्यांना सुरुवातीला सरकारी विभागांकडून १५ लाखांपर्यंतचं काम मिळत असे. मोबाइलवरच्या एखाद्या सेवेला तेवढं पुरतं. इंजेक्शन बनवणाऱ्याला पुरत नाही. त्याला आधी प्राण्यांवरच्या सुरक्षिततेच्या चाचण्या, मग टिकाऊपणाच्या, मग माणसांवरच्या चाचण्या करायच्या असतात, आणि प्रत्येक बॅचमागे कणांचं माप सिद्ध करायचं असतं. राज्याने आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना लागणारं लायपोसोमल औषध पाच वर्षांच्या कराराने, दर्जाची अट कडक ठेवून, राज्यातल्या दोन-तीन उत्पादकांकडून घ्यायचं ठरवलं, तर बँकही कर्ज देईल आणि लिपिड बनवणाराही यंत्र वाढवील. म्युकरची साथ ओसरली तरी हे औषध लागतंच. काळा आजार, रक्ताच्या कर्करोगात प्रतिकारशक्ती खचलेले रोगी, अवयव प्रत्यारोपण झालेले रोगी यांना ते आजही दिलं जातं, आणि त्यांच्या घरची माणसं आजही किंमत विचारून आधी पैशाची जुळवाजुळव करतात.