महाविद्यालय हेही कामाचे ठिकाणच!

'कामाच्या ठिकाणची सुरक्षितता' हे शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना उभा राहतो. प्रभादेवी, परळ, लालबाग या भागातल्या माणसाला तर गिरणीच आठवते. माझे आजोबा साचाखात्यात होते. साच्यावरचा धोटा उडाला तर माणसाचा डोळा जाई, असे ते सांगतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांच्या धोकादायक फिरत्या भागांना संरक्षक आवरण घालणे बंधनकारक केले. आजोबांना त्या अधिनियमाचे एकही कलम पाठ नव्हते. पण तक्रार कोणाकडे न्यायची, हे त्यांना पक्के ठाऊक होते. खात्यातला युनियनचा माणूस कोण आणि तो कुठे भेटतो, हे नव्या बदली कामगारालाही पहिल्या आठवड्यात कळत असे.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला, की आजोबांना गिरणीत जे दार ठाऊक होते, ते आम्हाला महाविद्यालयात ठाऊक आहे काय?

कोणी म्हणेल, महाविद्यालय हे विद्येचे मंदिर. तिथे कामगार-कायद्याच्या गोष्टी कशाला? पण सकाळी फाटक उघडल्यापासून इथे कोण कोण राबते, ते पाहा. प्राध्यापक, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, ग्रंथपाल, कारकून, शिपाई, उपाहारगृहातली मुले, ठेकेदारामार्फत येणाऱ्या सफाईच्या बायका. माझी आई अशाच एका ठेकेदाराकडून एका कार्यालयात कामाला जाते. या सर्वांचे हे कामाचे ठिकाणच नव्हे काय?

शिक्षणसंस्थेतही माणूस असुरक्षित असू शकतो, याचा सर्वांत दुःखद पुरावा आपल्या शेजारीच आहे. परळचे के. ई. एम. हे नुसते रुग्णालय नाही. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तेथील परिचारिका अरुणा शानबाग काम संपवून तळघरात कपडे बदलण्यासाठी गेल्या असता तेथीलच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटल्याने त्या पुन्हा कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, के. ई. एम. च्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेला तोड नाही. परंतु आरोपीला शिक्षा झाली ती मारहाण आणि चोरी यांबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराबद्दल नव्हे. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला आणि सुरक्षित परिस्थितीची मागणी केली. अशा तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत समिती असावी, असा कायदा त्या वेळी देशात नव्हता.

तो यायला पुढे ४० वर्षे लागली. १९९२ साली राजस्थानातील भटेरी गावात भंवरीदेवी या शासकीय योजनेत 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या बाईवर, बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्याच्या रागातून, सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने 'विशाखा' निकालात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती नीट पाळली जात नाहीत, हे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाच्या नजरेस आणले. त्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल आला आणि २०१३ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी; ती न नेमल्यास मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. विशेष म्हणजे रोजंदारीवरची, ठेकेदाराची, शिकाऊ, बिनपगारी, अशा साऱ्या जणी या कायद्यात येतात. माझ्या आईला हे मी सांगितले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "ठेकेदाराच्या बायकासुद्धा?" होय, त्यासुद्धा!

विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे विनियम केले आणि ते २ मे २०१६ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाले. ते आपल्या रोजच्या आयुष्याशी निगडित असल्याने त्यांतील मुख्य गोष्टी येथे देते.

समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ प्राध्यापिका असते. तिच्यासोबत दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि संस्थेबाहेरची एक जाणकार व्यक्ती असते. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी-प्रतिनिधीही असतात आणि तेही निवडणुकीने आलेले. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरील व्यक्तींना समितीत बसता येत नाही. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच हाती न्याय नको, हा त्यामागचा सरळ विचार.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिणे जमत नसेल तर समितीनेच लिहिण्यास मदत करायची आहे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. नावे गुप्त राहतात. आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार करणारीला शिक्षा होत नाही. आणि हे विनियम केवळ मुलींपुरते नाहीत. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाचे बळी होऊ शकतात, हे त्यांत स्पष्टपणे मान्य केले आहे.

आता प्राध्यापकांविषयी थोडे, आणि तेही पूर्ण आदराने. आपले बहुतेक शिक्षक आईवडिलांच्या मायेने शिकवतात. पण अंतर्गत गुण त्यांच्याच हाती असतात, म्हणून एखाद्या विद्यार्थिनीला तक्रार करताना पहिली भीती वाटते ती नापास होण्याची. विनियमांनी ही भीती ओळखली आहे. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तक्रार करणारीचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. चांगल्या शिक्षकाला या नियमाचा जाच नाही. उलट त्याच्यावरचा विश्वास त्यामुळे वाढतोच.

या साऱ्याला आज नवे महत्त्व आले आहे ते नव्या अभ्यासक्रमामुळे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपण आता केवळ वर्गात बसून पदवीधर होणार नाही. क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्काचे काम, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण या गोष्टी श्रेयांकांच्या हिशेबात आल्या आहेत. आपण कोणाच्या कार्यालयात, कोणाच्या संस्थेत, कोणाच्या वस्तीत जाणार. तिथे काही घडले तर? विनियमांत 'परिसर' या शब्दाची व्याख्या कुंपणाशी थांबत नाही. अभ्याससहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, प्रशिक्षणाची जागा, तिथे नेणारे संस्थेचे वाहन, हे सर्व परिसरातच धरले आहे. म्हणजे आपण बाहेर गेलो तरी महाविद्यालयाची जबाबदारी आपल्याबरोबर येते.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका शिकाऊ महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. ती रात्रपाळीला होती, आपल्याच रुग्णालयात होती. त्या प्रकरणाची दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाला अरुणा शानबाग यांची आठवण करावी लागली. पन्नास वर्षांनंतरही तीच आठवण निघावी, याहून मोठी शोकांतिका ती कोणती?

ज्यांच्या घरात शिकलेली माणसे आहेत, त्यांच्या मुली घरी विचारू शकतात. आमच्यासारख्या मुलींनी विचारायचे कोणाला? आईवडिलांच्या कानावर काही गेले तर "पुरे झाले शिक्षण, घरी बस" एवढाच निकाल लागण्याची धास्ती! गप्प बसावे तर त्रास, बोलावे तर कॉलेज बंद. आमच्यापैकी कितीतरी जणींचे शिक्षण या कात्रीत सापडू शकते. अशा मुलीला समितीतल्या बाईंचे नाव ठाऊक असणे ही बारीकसारीक गोष्ट नाही. त्यावर तिची पदवी अवलंबून असू शकते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. ही माहिती माहितीपत्रकात छापावी आणि फलकावर लावावी, असे विनियमच सांगतात. ती मराठीतही लावावी. पहिल्या वर्षाच्या स्वागताच्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी स्वतः उभे राहून "मी अमुक, मी अमुक खोलीत बसते" एवढे सांगावे. सफाईच्या बायकांनाही त्या दिवशी सभागृहात बसायला बोलवावे. प्रतिनिधींची निवडणूक आली तर आपण विद्यार्थ्यांनी ती गंमत म्हणून घेऊ नये.

फलकावर परीक्षेचे वेळापत्रक लागले की आपण सारे तिथे गर्दी करतो. त्याच्याच शेजारी समितीची नावे लागली असतील, तर दोन मिनिटे थांबून तीही उतरून घेऊ या. आणि लागली नसतील, तर ती का लागली नाहीत, हे नम्रपणे पण नक्की विचारू या!