एक कढई, अनेक मुलूख

1930 साली पॅरिसमध्ये ‘दहा मिनिटांत स्वयंपाक’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते एदुआर द पोम्यान हे पेशाने आचारी नव्हते. पाश्चर संस्थेत आहारशास्त्राचा अभ्यास करणारे ते एक वैद्यक-संशोधक होते, आणि नभोवाणी नुकतीच घरोघरी पोचू लागली होती त्या काळात तिच्यावरून पाककलेची व्याख्याने देऊन त्यांनी मोठा श्रोतृवर्ग मिळवला होता. विद्यार्थी, कारकून, दुकानांतून दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या मुली, अशा ज्यांच्यापाशी जेवणासाठी मोजून तासाभराची सवड असते त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिलेले होते, आणि त्यातील आरंभीची सूचना अशी की घरात पाऊल टाकताच, अंगावरचा कोट उतरवण्याच्याही आधी, चुलीवर पाण्याचे भांडे चढवावे. त्या पाण्याचे पुढे काय करायचे ते मागाहून ठरवता येते.

फ्रेंच पाककलेविषयी आपल्याकडे जी समजूत रूढ आहे तिच्याशी ही सूचना मुळीच जुळत नाही, कारण ती समजूत राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यातून आणि पुढे बड्या हॉटेलांच्या भटारखान्यांतून आलेली आहे. 1903 साली ऑग्युस्त एस्कोफिए यांनी आपल्या ‘ल गीद क्युलिनेर’ या ग्रंथात त्या भटारखान्याचे सगळे दफ्तर हजारो पाककृतींच्या रूपाने व्यवस्थित लावून ठेवले, आणि जगाने त्यालाच फ्रान्सचा स्वयंपाक मानले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, 1746 साली, मनों नावाच्या लेखकाने मध्यमवर्गीय घरात चाकरी करणाऱ्या स्वयंपाकिणीला उद्देशून ‘ला क्विझिनिएर बूर्झ्वाझ’ हे पुस्तक लिहिले होते, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि 1932 साली जिनेत मात्यो यांचे ‘झ से क्विझिने’ हे पुस्तक त्याच वाटेने फ्रेंच घराघरांत जाऊन बसले. या दुसऱ्या, घरगुती परंपरेत कोंबडीचे जे पदार्थ आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी रांधले जातात, त्यांची नावे निरनिराळी असली तरी त्यांतले बहुतेक एकाच कृतीची रूपे आहेत, आणि ती कृती एकदा हाताला समजली की पुस्तक मिटून ठेवता येते, हे मला येथे विस्ताराने सांगायचे आहे.

मात्र संध्याकाळच्या घाईत कोंबडी रांधणे ही फ्रान्समध्येही फार जुनी वहिवाट नाही. आपल्या राज्यातील प्रत्येक कष्टकरी रयतेच्या घरी दर रविवारी हंडीत कोंबडी शिजावी, अशी इच्छा राजा चौथा हेन्री याने बोलून दाखवली होती अशी आख्यायिका त्या देशात सर्वतोमुखी आहे. तिची सत्यासत्यता काहीही असो, राजाच्या औदार्याची मजलदेखील रविवारपुढे जात नव्हती हे तिच्यातून स्पष्ट दिसते. शेतकऱ्याच्या दारची कोंबडी अंड्यांसाठी असे; ती म्हातारी होऊन अंडी देईनाशी झाली, किंवा कोंबडा निकामी झाला, म्हणजे मगच ती चुलीवर जाई, आणि तसले चिवट मांस मऊ करण्यासाठी तासन्‌तास मंद आचेवर ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. हंडीतली कोंबडी आणि मद्यात शिजवलेला कोंबडा हे दोन्ही विख्यात पदार्थ त्या गरजेतून जन्मले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर मांसासाठी मुद्दाम वाढवलेल्या कोवळ्या पक्ष्यांची पैदास मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, कोंबडी स्वस्त झाली, आणि पाऊण तासात शिजणारे पदार्थ रोजच्या आवाक्यात आले. त्या स्वस्ताईबरोबर चव उणावली हेही खरे, आणि फ्रेंचांना ते लवकर उमगले: 1965 पासून ‘लाबेल रूझ’ ही सरकारमान्य मोहोर कोंबडीला मिळू लागली, आणि ती हवी असेल तर पक्षी निदान 81 दिवस वाढवावा लागतो, तर कारखानी पद्धतीत पाच-सहा आठवड्यांतच त्याचे काम आटोपते. ब्रेस प्रांतातल्या निळसर पायांच्या, शुभ्र पिसांच्या कोंबडीला तर 1957 साली स्वतंत्र कायदा करून संरक्षण देण्यात आले.

आता ती कृती. ल्यों शहराच्या आसमंतात शिर्क्यात शिजवलेली कोंबडी, म्हणजे ‘पुले ओ व्हिनेग्र’, हा घरगुती पदार्थ आहे, आणि सगळी रीत त्याच्यात उघडी दिसते म्हणून तोच घेऊ. सुमारे दीड किलोची कोंबडी कातडीसकट आठ तुकड्यांत कापून घ्यावी आणि प्रत्येक तुकडा कोरड्या फडक्याने नीट टिपून काढावा. ही टिपण्याची बाब क्षुल्लक वाटेल, पण पुढचे सारे यश तिच्यावरच अवलंबून आहे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत मांसाचे तापमान 100 अंशांच्या वर चढत नाही, आणि मांसाला जो तांबूस रंग व खमंग वास येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे वेगाने येऊ लागतो. म्हणजे ओली कोंबडी कढईत टाकणाऱ्याला आधी ते पाणी उडेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात आतले मांस शिजून कोरडे पडते. मीठ-मिरपूड लावून, जाड बुडाच्या पसरट कढईत चमचाभर तेल आणि सुपारीएवढे लोणी तापवून, तुकडे कातडीची बाजू खाली करून, एकमेकांना न भिडतील असे ठेवावेत. दाटी केली तर वाफ कोंडते आणि मांस परतले जाण्याऐवजी उकडले जाते. मग सात-आठ मिनिटे त्यांना हात लावू नये. तुकडा आपोआप बुडापासून सुटला की उलटायची वेळ झाली. ओढावा लागत असेल तर अजून अवकाश आहे.

दुसरी बाजू परतून झाली की साठलेली चरबी बहुतेक ओतून टाकावी, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या सालीसकट आत घालाव्यात, झाकण ठेवावे आणि आच मंद करावी. येथे दुसरा नियम येतो. छातीचे मांस आणि तंगडीचे मांस यांचा स्वभाव एक नाही. तंगडीतल्या स्नायूंना जोडणारी चिवट ऊती विरघळायला अधिक उष्णता आणि अधिक वेळ लागतो, आणि छातीत ती फारशी नसल्यामुळे तेवढ्या वेळात तिचा पार भुसा होतो. म्हणून सुमारे पंधरा मिनिटांनी छातीचे तुकडे काढून बाजूला झाकून ठेवावेत आणि तंगड्यांना आणखी दहा-बारा मिनिटे द्यावीत. सगळे तुकडे एकाच वेळी उतरवण्याचा आळस हेच सुक्या, घशात अडकणाऱ्या कोंबडीचे सर्वांत मोठे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे.

तुकडे निघाले की कढईच्या बुडाशी उरते ती तांबूस-तपकिरी खरवड. अननुभवी माणूस ती घासून टाकण्याच्या विचारात असतो. फ्रेंच गृहिणी मात्र तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप करते. 1912 साली लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शर्करा आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापवले असता तपकिरी द्रव्ये कशी निर्माण होतात याचे टिपण पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. त्याचा रोख शरीरातल्या प्रथिनांच्या घडणीकडे होता, स्वयंपाकाचा त्यात संबंध नव्हता. पण परतलेल्या मांसाला, भाजलेल्या पावाला आणि भाजलेल्या कॉफीला जो गंध येतो त्याचे मूळ त्याच अभिक्रियेत आहे, हे पुढे मान्य झाले आणि तिला त्याचेच नाव मिळाले. ही सगळी चव खरवडीत घट्ट धरून बसलेली असते, आणि ती सोडवण्यासाठी लागतो तो फक्त एखादा पातळ पदार्थ. कढई तापलेली असतानाच लाल द्राक्षमद्याचा शिर्का, लहान पेलाभर, तिच्यात ओतावा. चर्र आवाजासरशी नाकाला झोंबणारी वाफ वर येते, आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडत गेले की दोन मिनिटांत ते स्वच्छ होते आणि सारा अर्क शिर्क्यात उतरतो. शिर्का निम्म्यावर आटला, म्हणजे त्याचा उग्रपणा वाफेबरोबर पुष्कळसा निघून गेला, की एक-दोन बारीक चिरलेले टोमॅटो आणि थोडे सूप घालून पाच मिनिटे उकळावे. लसूण साल काढून आतच चेचावा. आच बंद करून थंड लोण्याचा एक खडा हलवत हलवत मिसळावा, म्हणजे तो न फुटता रसात मिळून येतो आणि रसाला चकाकी येते. तुकडे पुन्हा आत सोडावेत, आणि जेवायला बसावे.

ही झाली एक संध्याकाळ. आता शिर्क्याच्या जागी मुलूख बदलून पाहावा. नॉर्मंडीत द्राक्षे पिकत नाहीत, सफरचंदे पिकतात आणि गाई मुबलक दूध देतात. म्हणून तेथे त्याच खरवडीवर सफरचंदाचे सायडर पडते, लोण्यात परतलेल्या सफरचंदाच्या फोडी आणि घट्ट साय येते, आणि ‘पुले व्हाले दोज’ तयार होतो. बास्क प्रदेशात भोपळी मिरच्या, टोमॅटो आणि एस्पलेत गावची सौम्य लाल मिरची. प्रोव्हान्समध्ये लोण्याला रजा आणि ऑलिव्हचे तेल, मूठमूठभर लसूण. रानात आळंबी उगवतात तेथे पांढरे मद्य आणि आळंबी. एस्कोफिए यांच्या ग्रंथात परतलेल्या कोंबडीच्या ज्या डझनावारी कृती नावनिशीवार दिलेल्या आहेत, त्यांतही बहुतेक ठिकाणी पक्षी तोच, पद्धत तीच, आणि भेद काय तो कढईत ओतायच्या द्रवाचा व भोवतीच्या सरंजामाचा.

दोन जिनसांविषयी मात्र अधिक सांगायला हवे. पहिला जिन्नस टॅरगॉन, ज्याला फ्रेंच लोक ‘एस्त्रागाँ’ म्हणतात. लांबट, अरुंद पानांच्या या वनस्पतीचा वास बडीशेपेच्या जवळ जातो, आणि साय, पांढरे मद्य व कोंबडी यांच्याशी त्याचे जे सख्य आहे ते दुसऱ्या कोणत्याही पाल्याचे नाही. हा वास उष्णतेने लवकर उडतो, म्हणून देठे रसाबरोबर उकळावीत आणि पाने अगदी शेवटी चिरून घालावीत. अस्सल फ्रेंच जातीला सहसा रुजणारे बी धरत नाही, ती फांदीपासून किंवा मुळापासूनच वाढवावी लागते; बियांच्या पाकिटातून उगवते ती बहुधा रशियन जात, दिसायला तशीच आणि वासाला जवळजवळ शून्य.

दुसरा जिन्नस दिजाँची मोहरी, आणि येथे आपला खरा संबंध येतो. जी बारीक तपकिरी मोहरी आपण फोडणीला वापरतो, तीच जात दिजाँच्या मोहरीतही मुख्यतः वापरली जाते. फ्रान्स ते बी मोठ्या प्रमाणावर कॅनडातून आणतो, आणि 2021 साली कॅनडात अवर्षण पडल्यामुळे 2022 मध्ये फ्रेंच दुकानांतली मोहरीची फळीच्या फळी रिकामी झाली होती. फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा तिचा तिखटपणा कधी प्रकटतच नाही, कारण तो निर्माण करणारे विकर उष्णतेने नष्ट होते. थंड पाण्यात किंवा शिर्क्यात ती वाटली म्हणजेच तो झोंबरा गुण उसळतो, हे लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही घरात ठाऊक आहे. दिजाँची मोहरी ही एका अर्थी फेसलेली मोहरीच. म्हणून ती रसात घालायची ती आच बंद केल्यावर. उकळली तर झोंब जाऊन नुसता कडवटपणा उरतो.

या साधेपणाला कमी लेखणाऱ्यांनी युजेनी ब्राझिए यांचे चरित्र पाहावे. 1895 साली ब्रेसच्या परिसरात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 1921 साली त्यांनी ल्यों शहरात रॉयाल रस्त्यावर लहानशी खाणावळ काढली. आणि 1933 साली ही खाणावळ व पुढे काढलेले दुसरे भोजनगृह अशा त्यांच्या दोन्ही भोजनगृहांना मिशलँ मार्गदर्शिकेने प्रत्येकी तीन तारे दिले. त्यांच्यापाशी पदार्थांची भलीमोठी यादी नव्हती. मोजके पदार्थ, उत्तम कोंबडी, आणि रोज तीच कृती तितक्याच निगुतीने: त्यांच्या कारभाराचे मर्म एवढ्यात होते. पुढे जगद्विख्यात झालेला पॉल बोक्युझ तरुणपणी त्यांच्याच हाताखाली तयार झाला.

आपल्या घरी हे करू पाहणाऱ्याला दोन अडचणी येतात. आपल्याकडे कोंबडी बहुधा कातडी सोलूनच मिळते, आणि कातडीवाचून खरवड कमी धरते व मांस लवकर सुकते; म्हणून विक्रेत्याला आगाऊ सांगून कातडीसकट कोंबडी घ्यावी, ते न जमल्यास छातीचा भाग वगळून नुसत्या तंगड्या घ्याव्यात आणि लोण्याचे प्रमाण किंचित वाढवावे. दुसरी अडचण सायीची. फ्रेंच ‘क्रेम फ्रेश’मध्ये स्निग्धांश 30 टक्के किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे आंबट रसातही ती फाटत नाही, आपल्या पाकिटातील सायीत तो साधारण 25 टक्के असतो, तेव्हा ती उकळत्या रसात न ओतता, कढई उतरवल्यावर, थोडा रस तिच्यातच कालवून मग घालावी. मद्य घरात नसेल किंवा नको असेल, तर कोंबडीचे सूप आणि थोडा शिर्का किंवा लिंबाचा रस यांनी काम भागते. चव वेगळी येते, पण उणी येत नाही.

बरोबर वाढण्यासाठी उकडलेले बटाटे, लोणी लावलेला भात, किंवा नुसता पाव. पाव असल्यास उत्तम, कारण ताटलीतला रस पावाने टिपून घेण्याची घरगुती जेवणातली चाल अगदी रास्त आहे. कापताना निघालेली पाठ, मान आणि पंखांची टोके टाकून देऊ नयेत. एक कांदा, एक गाजर आणि तमालपत्र घालून, त्यांच्यावर येईल इतके थंड पाणी ओतून, जेवण चालू असतानाच ती मंद आचेवर ठेवावीत; तासाभराने गाळून घेतलेले ते सूप दुसऱ्या दिवशी खरवडीवर ओतायला तयार असते.