कोणता कर्नल निवडावा?

बेंगळुरूच्या इंदिरानगरातील एखाद्या मराठी कुटुंबाने माळ्यावरचा जुना संगणक मुलांसाठी पुन्हा चालू करून त्यावर लिनक्स बसवायचे ठरवले, तर त्याच्यापुढे कर्नलचा प्रश्न उभा राहतो. कर्नल म्हणजे यंत्र आणि आज्ञावल्या यांना जोडणारा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. मूळ संहितेपासून तो स्वतः घडवता येतो, परंतु ते वेळखाऊ काम आहे. म्हणून डेबियनसारखे प्रकल्प तयार कर्नल पुरवतात आणि तेही अनेक प्रकारचे.

निवड प्रोसेसर पाहूनच करावी. ६४ बिटांच्या प्रोसेसरसाठी ‘एएमडी-६४’ हा प्रकार असतो. नाव थोडे फसवे आहे. ही रचना एएमडी कंपनीने प्रथम आणली एवढाच त्याचा अर्थ. इंटेलच्या प्रोसेसरवरही तोच चालतो. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ‘६८६’ आणि ‘६८६-पीएई’ असे दोन प्रकार आहेत. पहिला ४ जीबीपलीकडील मेमरी वापरू शकत नाही. दुसरा ६४ जीबीपर्यंत पोहोचतो. मात्र अधिक मेमरी गाठण्याची ही पीएई सोय ज्यांत आढळत नाही, अशा काही जुन्या पेंटियम-एम प्रोसेसरांवर तो सुरूच होत नाही. तेथे साधा ‘६८६’च हवा.

२०२५ साली आलेल्या तेराव्या आवृत्तीतून ३२ बिटांचे हे दोन्ही कर्नल वगळण्यात आले. माळ्यावरचा संगणक त्या जातीचा निघाला, तर त्यासाठी २०२३ सालची बारावी आवृत्तीच घ्यावी लागते.