शब्द कळले नाहीत, तरी पाय थिरकले!

बालमित्रांनो, गडहिंग्लज तालुक्यातलं नेसरी तुम्हाला ठाऊक असेलच. १६७४ साली सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथं धारातीर्थी पडले. कुसुमाग्रजांनी त्यावर कविता लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल लावली आणि लतादीदींनी ती गायली. ते गाणं ऐकताना आपण गप्प होतो, कारण शब्द काळजाला भिडतात. पण गावात वरात निघाली, हलगी-घुमकं कडाडलं, की शब्द कोण ऐकतंय? पाय आपोआप हलायला लागतात!

अशीच गंमत बेल्जियममध्ये घडली. ब्रसेल्सचा पॉल नावाचा तरुण एका रेडिओ केंद्रात उमेदवारी करत होता. ‘माएस्त्रो’ म्हणजे संगीताचा उस्ताद. या शब्दाची अक्षरं उलटसुलट करून त्यानं स्वतःचं नाव ठेवलं स्त्रोमाए! २००९ साली त्याचं फ्रेंच गाणं आलं, ‘आलोर ओं दांस’, म्हणजे ‘मग आपण नाचतो’. ठेका झकास, पण शब्द मात्र काम, कर्ज आणि काळज्यांचे! फ्रेंचचं अक्षरही न कळणारे लोक त्यावर नाचले आणि २०१० मध्ये युरोपातल्या अनेक देशांत ते पहिल्या नंबरावर गेलं.

आता आपल्याकडे या. अजय आणि अतुल गोगावले हे दोघे भाऊ. वडिलांची सरकारी नोकरी, सारखी बदली. घरात एकही वाद्य नव्हतं. मग ज्याच्याकडे वाद्य, त्याच्याशी दोस्ती! शाळेत एन.सी.सी.च्या बँडसाठी त्यांनी धून बसवली होती. हेच भाऊ पुढे मोठे संगीतकार झाले. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्यातलं ‘झिंगाट’ त्यांनीच लिहिलं, चाल त्यांचीच आणि गायलंही त्यांनीच. या चित्रपटाच्या संगीतासाठी ते थेट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओपर्यंत गेले. पण ‘झिंगाट’ची बोली मात्र अस्सल गावरानच ठेवली. पुढे २०१७ मध्ये कानडीत आणि २०१८ मध्ये हिंदीत ते नव्या शब्दांसह गेलं. चाल तीच!

म्हणून दोस्तांनो, ‘आमच्या गावठी भाषेतलं गाणं कोण ऐकणार?’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. ठेक्याला पासपोर्ट लागत नाही!

एक खेळ करून बघा. आवडतं गाणं तीनदा ऐका. आवाज बेतानं ठेवा हं! पहिल्यांदा फक्त ठेका टाळीवर धरा. दुसऱ्यांदा चाल गुणगुणा. तिसऱ्यांदा शब्दांचा अर्थ लावा. काही गाणी तिसऱ्या वेळी वेगळीच वाटतील.

आणि आई-बाबा, पोरगं ताट-वाटी वाजवत बसलं तर लगेच ओरडू नका. थोडं ऐका तरी!